भीती सरकारची, फावते ठगांचे

पीएचडीसाठी मी बनारसला निघाले तेव्हा वस्तीतल्या बायकांनी आईला बजावले होते, पोरीला म्हणावं तिथल्या पंड्यांपासून जपून राहा. कुणी कपाळाला गंध लावायला आला तर आधी हात मागे घे. चार वर्षे झाली, पंड्यांनी माझा एक रुपया घेतला नाही. पण मागच्या हिवाळ्यात परभणी जिल्ह्यातून इथे एम.ए.ला आलेला एक मुलगा संध्याकाळी माझ्या लंकेवरच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं. स्कॉलरशिपचं व्हेरिफिकेशन झालं की भरलेले पैसे किती दिवसांत परत येतात?"

काय झाले असेल ते मला तिथेच कळले. त्याला अजून कळायचे होते.

दुपारी त्याच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता. प्रोफाइलच्या फोटोत अशोकस्तंभ. मजकुरात त्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, अभ्यासक्रम आणि प्रवर्गाच्या रकान्यात 'एससी'. अर्जात त्रुटी आहे, दुरुस्ती झाली नाही तर शिष्यवृत्ती रद्द होईल, दुरुस्तीचे शुल्क नंतर शिष्यवृत्तीसोबत परत मिळेल. पाठोपाठ फोन. बोलणारा माणूस शुद्ध कचेरीतल्या हिंदीत बोलत होता : "आज शाम पाँच बजे पोर्टल बंद हो जाएगा, फिर हम कुछ नहीं कर पाएँगे." मुलाने आधी 1,500 पाठवले, मग 2,000, मग 3,000. एकूण साडेसहा हजार. ते मेसचे पैसे होते आणि त्यातले निम्मे उसने आणलेले.

सगळे ऐकून माझ्या तोंडून पहिले वाक्य गेले ते असे : "अरे, तू शिकलेला ना?"

त्याची मान खाली गेली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. समाजशास्त्र शिकणाऱ्या, स्वतः शिष्यवृत्तीवर इथवर आलेल्या मुलीच्या तोंडीसुद्धा पहिल्यांदा दोष आला तो फसलेल्याचा. ही सवय आपल्याला कुठून लागली आणि ती कुणाच्या सोयीची आहे, याबद्दल मला बोलायचे आहे.

शिक्षणाचा प्रश्न नाही

आधी एक गैरसमज बाजूला करू. मार्च 2024 मध्ये याच वाराणसीत एका निवृत्त शिक्षिकेची साडेतीन कोटी रुपयांहून अधिक रकमेची फसवणूक झाली. सुरुवात झाली ती दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या नावाने आलेल्या फोनने : तुमचा नंबर बंद होणार आहे. मग मुंबई पोलिसांच्या नावाने फोन. मग घरातल्या घरात 'डिजिटल अरेस्ट'. आयुष्यभर वर्गात उभे राहून शिकवलेली बाई, दूर मुंबईच्या न पाहिलेल्या पोलिसाच्या आवाजाने गप्प झाली.

हे एकटे उदाहरण नाही. गृह मंत्रालयाने मार्च 2025 मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार 'डिजिटल अरेस्ट' आणि त्याला जोडलेल्या सायबर गुन्ह्यांच्या तक्रारी 2022 मध्ये 39,925 होत्या. 2024 मध्ये त्या 1,23,672 झाल्या. गेलेली रक्कम 91 कोटींवरून 1,935 कोटींवर गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मधून या प्रकाराबद्दल बोलावे लागले. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, कारण हरियाणातल्या एका वृद्ध दांपत्याला ठगांनी चक्क सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवले होते. 1 डिसेंबर 2025 रोजी न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

म्हणजे फसणाऱ्यांत डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. वृत्तपत्रांत बातमी होते ती त्यांची, कारण रक्कम कोटींत असते. साडेसहा हजारांची बातमी होत नाही. पण पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, हे लक्षात ठेवून साडेसहा हजार वाचा. ते त्या मुलाचे दोन-तीन महिन्यांचे जेवण होते. आणि त्याहून मोठे काही गेले : शिष्यवृत्तीचे नाव असलेला कुठलाही मेसेज उघडण्याची त्याची हिंमत.

जे सल्ले आपल्याला लागू पडत नाहीत

बँका, पोलीस आणि वृत्तपत्रे खोटा सरकारी मेसेज ओळखण्याच्या चार-पाच खुणा सांगतात. त्या चुकीच्या नाहीत. पण त्या खुणा ज्याच्या अनुभवावरून काढल्या आहेत तो माणूस आपल्या घरातला नाही. एकेक पाहू.

पहिला सल्ला : भाषेतल्या चुका पाहा. ज्याच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी वाचली जाते त्याला मेसेजमधली चूक खटकते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला शाळेपासून शिकवलेले असते की चूक नेहमी त्याचीच असते. समोरचे वाक्य कळले नाही तर तो स्वतःच्या इंग्रजीवर शंका घेतो, मेसेजवर नाही. आणि खरे सरकार तरी त्याच्याशी कुठे त्याच्या भाषेत बोलते? परभणीच्या आईला बँकेचा मेसेज इंग्रजीत येतो, शासन निर्णय अशा मराठीत येतो जी गावात कुणी बोलत नाही. ज्या सरकारची खरी भाषा आपण कधी ऐकलीच नाही, त्याची नक्कल कशी ओळखायची? शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी ठगांची भाषाही निर्दोष झाली आहे.

दुसरा सल्ला : घाई केली जात असेल तर संशय घ्या. आपल्या अनुभवात सरकार कधी घाई करत नाही? अर्जाची शेवटची तारीख, शेवटच्या दिवशी बंद पडलेला सर्व्हर, 'उद्या या' म्हणणारा कारकून आणि परवा 'काल यायला हवे होते' म्हणणारा तोच कारकून. महाराष्ट्रात 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीला मुदत लागली तेव्हा नावात एखादे अक्षर बदललेली खोटी संकेतस्थळे लगेच उगवली आणि फक्त अधिकृत संकेतस्थळावरच माहिती भरा, असे सरकारला सांगावे लागले. ठगाने घाई निर्माण केली नव्हती. 1,500 रुपये थांबतील ही धास्ती आधीच घराघरात होती. त्याने फक्त आपली चौकट तिथे मांडली.

तिसरा सल्ला : सरकार कधी पैसे मागत नाही. कायद्याने अगदी खरे. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेयर यांतले कुठले कागद आपल्याकडच्या किती जणांना ठरलेल्या शुल्कापलीकडे एक रुपया न देता मिळाले, हे आपणच आपल्याला विचारावे. कुणी त्याला चहापाणी म्हणते, कुणी 'वरचा खर्च'. पैसे पाठवण्याआधी त्या मुलाच्या फोनवर घेणाऱ्याचे बँकेतले नाव दिसले होते. ते एका खासगी माणसाचे नाव होते. मी विचारले, तेव्हा शंका नाही आली? तो म्हणाला, "वाटलं, साहेबांच्या ओळखीचा कुणी असेल. असंच असतं ना ताई?"

असंच असतं ना. या तीन शब्दांत आपला आणि सरकारचा सगळा इतिहास आहे. तो मुलगा भोळा नव्हता. सरकार कसे चालते याचा त्याचा अंदाज अनुभवातून आलेला होता आणि ठगाने नेमका तोच अंदाज वापरला.

चौथा सल्ला : खासगी माहिती कुणाला देऊ नका. इथे तर माहिती ठगाकडे आधीच होती. ती कुठून आली हे मला ठाऊक नाही आणि मी कुणावर आरोप करत नाही. पण गरिबांची माहिती आपल्याकडे कशी वागवली जाते हे नोंदलेले आहे. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने मे 2017 मध्ये दाखवून दिले की चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून सुमारे 13 कोटी आधार क्रमांक उघड्यावर होते. ती संकेतस्थळे कोणती? सामाजिक सहाय्याची पेन्शन, रोजगार हमी यांसारख्या योजनांची. म्हणजे विधवा, वृद्ध, अपंग आणि मजूर. माहिती उघडी पडली ती ज्यांना सरकारकडे काही मागावे लागते त्यांची. लाभार्थ्यांची यादी जातीसह भिंतीवर लावायची, कॉलेजच्या ग्रुपवर टाकायची, यात आजही कुणाला काही वावगे वाटत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. पण नोटीस बोर्डावरची 'एससी विद्यार्थ्यांची यादी' अजून खाली उतरलेली नाही.

जोतीरावांनी हे आधीच दाखवले

हा डाव आपल्याला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. नाटकात एक जोशी एका गरोदर शेतकरी बाईच्या दारात येतो. तिच्या पोटातल्या बाळावर ग्रहांचा कोप आहे असे सांगतो. उपाय त्याच्याकडेच असतो आणि उपायाला खर्च असतो. एकदा दार उघडले की खर्च वाढत जातो. नवरा-बायको कर्ज काढून तो भागवतात.

आता जोशीच्या जागी 'विभागाचा अधिकारी' ठेवा आणि ग्रहांच्या जागी पोर्टल. सगळ्या खुणा जागच्या जागी सापडतात. सत्ता अशी, जी दिसत नाही आणि जिला आपण थेट विचारू शकत नाही. तिच्या आणि आपल्यामध्ये एक मध्यस्थ, जो तिची भाषा जाणतो. भीती अशा गोष्टीबद्दल, जी आपल्याला सर्वांत प्रिय आहे. तेव्हा पोटातले बाळ, आता पोराची शिष्यवृत्ती. उपाय तातडीचा. आणि पैसा हप्त्याहप्त्याने, कारण आधी दिलेला वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढचा देतो. 1,500, मग 2,000, मग 3,000.

काशीत बसून हे लिहिताना एक गोष्ट सारखी आठवते. शेकडो वर्षे या शहराचे एक काम शिक्का देणे हे होते. कोण क्षत्रिय, कोण शूद्र, कुणाला कोणता अधिकार, याचे निर्णय इथले पंडित देत. 1674 मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकासाठीसुद्धा इथल्याच गागाभट्टांना बोलवावे लागले. शिक्का कुणाच्या हातात आहे यावर माणसाची किंमत ठरत आली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शिक्क्यावर जगावे लागले, त्यांना शिक्का पाहिला की प्रश्न विचारायचे सुचत नाही. आज व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ पाहिला की आपण उभे राहतो, ते या जुन्या सवयीतून.

जोतीरावांच्या नाटकाचा शेवट उपदेशाने होत नाही. ते नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. फसलेल्याला मूर्ख म्हणून सोडून न देता त्याच्या हातात साधन द्यायचे, ही आपली परंपरा आहे. मग आपल्या साधनांबद्दल बोलू.

ओळखायचे कसे

सर्वांत मोठे साधन कुठल्याही ॲपमध्ये नाही, संविधानात आहे. कलम 22 सांगते की अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. व्हिडिओ कॉलवर यातले काहीही होत नाही. म्हणून 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही बजावले की हजर राहण्याची पोलिसी नोटीस कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनेच बजावावी, व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालणार नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर नोटीस आली तर घाबरण्याआधी एवढेच म्हणा : कागदावर पाठवा, माझ्या जवळच्या पोलीस ठाण्यामार्फत पाठवा. खरा अधिकारी यावर चिडेल, पण त्याला ते करता येईल. खोटा फोन ठेवेल किंवा आवाज वाढवेल.

दुसरी खूण म्हणजे गुप्तता, आणि ही मला सर्वांत पक्की वाटते. 'कुणाला सांगू नका', 'फोन कट करू नका', 'खोलीचे दार लावून घ्या'. खऱ्या सरकारला तुम्ही चार लोकांना विचारून या, याचे काही वाटत नाही. उलट ते तुम्हाला चार टेबलांवर फिरवते. तुम्हाला तुमच्या माणसांपासून तोडतो तो ठगच.

तिसरी, संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचा. सुरुवातीच्या जोडरेघा सोडून डावीकडून पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच आधी काय लिहिले आहे ते पाहा. तिथे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असेल तर संकेतस्थळ सरकारी. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, उत्तर प्रदेशचे शिष्यवृत्तीचे पोर्टल, महाडीबीटी, सगळ्यांचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असाच आहे. पत्त्याच्या मध्ये कुठेतरी 'जीओव्ही' घुसवून शेवट 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑनलाइन' असेल तर तो पत्ता कुणीही शे-पाचशे रुपयांत विकत घेतलेला असू शकतो. आलेल्या लिंकवर बोट ठेवूच नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून आपला अर्ज पाहा. त्रुटी खरी असेल तर ती तिथेही दिसेल.

चौथी, पाठवणारा कोण ते पाहा. साध्या एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी मोबाइल नंबर असेल तर तो विभाग नव्हे, माणूस आहे. ट्रायच्या 2025 च्या नियमांनंतर नोंदणीकृत मेसेजच्या नावाशेवटी एक इंग्रजी अक्षर येते : सरकारीला 'जी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी', जाहिरातीला 'पी'. 'जी' आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, कारण नावाचीही नक्कल करण्याचे प्रकार झाले आहेत. पण सरकारी म्हणवणारा मेसेज साध्या नंबरवरून आला, तर तिथेच थांबायचे.

पाचवी, फाइल. पीएम किसानचा हप्ता, आरटीओचे चलन, शिष्यवृत्तीची यादी अशा नावाने 'एपीके' अशी शेवटची अक्षरे असलेली फाइल व्हॉट्सॲपवर येते. ती यादी नसते, ते ॲप असते. एकदा बसवले आणि त्याने मागितलेल्या परवानग्या दिल्या की ते तुमचे एसएमएस वाचते, म्हणजे ओटीपी तुम्ही सांगितला नाही तरी त्याला मिळतो. कुठलेही सरकारी खाते ॲप अशा रीतीने वाटत नाही.

सहावी, पैशाची दिशा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. आणि सरकारचे खरे शुल्क असेल तर ते अधिकृत पोर्टलवर किंवा चलनाने भरले जाते आणि त्याची पावती मिळते. माणसाच्या नावाच्या खात्यावर गेलेला रुपया शुल्क नसतो. तो फसवणूक असतो किंवा लाच असते.

या शेवटच्या वाक्यावर मला जरा थांबायचे आहे. ठगापासून वाचायचे असेल तर लाचेची सवयही मोडावी लागेल. पावती मागणे ही सायबर सुरक्षेची पहिली पायरी आहे. ज्या मुलाने तलाठी कार्यालयात किंवा सेतू केंद्रात कधी पावती मागितली नाही, कारण मागितली असती तर काम अडले असते, तो फोनवरच्या साहेबाकडे पावती कशी मागेल? पावती मागणाऱ्याला त्रास देणारी प्रत्येक खिडकी ठगांसाठी माणसे तयार करते.

पैसे गेल्यानंतर

त्या संध्याकाळी आम्ही 1930 या क्रमांकावर फोन केला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार नोंदली की व्यवहाराचा तपशील बँकांकडे जातो आणि पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवण्याचा प्रयत्न होतो. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि मेसेजचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवायचे. घाबरून चॅट डिलीट करायचे नाही. तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन'वरही करता येते. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल तर 'संचार साथी'वरच्या 'चक्षु' या सोयीत कळवता येते.

त्या मुलाचे तीन व्यवहारांतले शेवटचे 3,000 रुपये थांबले. ते परत हातात यायला किती फेऱ्या लागतील ते दिसेलच. पहिले दोन गेले, कारण दुपारी पैसे पाठवल्यापासून संध्याकाळी माझ्या दारात येईपर्यंत पाच तास गेले होते. त्या पाच तासांत त्याने कुणालाच का विचारले नाही? त्याच्या शेजारच्या खोलीत मुले होती. तो म्हणाला, "ते हसले असते. म्हणाले असते, फुकटची स्कॉलरशिप घेता आणि वर फसता."

हे आहे जातीचे काम. 'फुकटची'. पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती 1944 मध्ये सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असतानाच्या काळात. त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला तो हक्क म्हणून, दया म्हणून नाही. पण विद्यापीठाच्या आवारात आजही शिष्यवृत्ती उपकारासारखी बोलली जाते, म्हणून मुलगा ती लपवतो, तिच्याबद्दल उघड विचारत नाही आणि एकटा पडतो. त्यात ती महिनोन्‌महिने येत नाही. 2023 मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. वाट पाहून थकलेल्या माणसाला 'तुमचे पैसे मंजूर झाले' हे वाक्य खरे वाटावेसे वाटते. ज्या दिवशी शिष्यवृत्ती ठरलेल्या तारखेला खात्यात पडेल, त्या दिवशी या धंद्याचा अर्धा बाजार उठेल.

आणखी एक धोका सांगायला हवा. आपल्या मुलांकडे ठग दुसऱ्या बाजूनेही येतात : तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला काही हजार घे. चोरीचा पैसा फिरवायला त्यांना दुसऱ्याच्या नावाची खाती लागतात. माग काढत पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते या खातेदाराच्या दारात, सूत्रधाराच्या नाही. खाते भाड्याने देणे म्हणजे आपले नाव दुसऱ्याच्या गुन्ह्यावर लिहून देणे. बेरोजगार पोराला हे कुणीतरी आधी सांगायला हवे.

आपण काय करायचे

सरकारकडे मागणी स्पष्ट असावी. लाभार्थ्याशी त्याच्या भाषेत बोला. प्रत्येक योजनेचा मेसेज कोणत्या नावाने येईल आणि त्यात काय कधीच मागितले जाणार नाही, हे अर्ज भरतानाच छापील द्या. जातीसह याद्या उघड्यावर लावणे बंद करा. कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात असा माणूस बसवा, ज्याला मुलगा न घाबरता 'हा मेसेज खरा का' असे विचारू शकेल. 'जागरूक राहा' असे पोस्टर लावून जबाबदारी फसणाऱ्यावर ढकलणे पुरे झाले.

पण तोवर आपण थांबायचे नाही. वसतिगृहात, वस्तीत, विहारात, 14 एप्रिलच्या कार्यक्रमात भाषणांच्या मध्ये दहा मिनिटे काढून खरे आणि खोटे मेसेज शेजारी शेजारी दाखवता येतात. इथे सीर गोवर्धनपूरच्या रविदास मंदिराजवळ राहणाऱ्या काही मुलांसोबत आम्ही एवढेच सुरू केले आहे : एक ग्रुप, ज्यावर कुणीही आलेला मेसेज टाकायचा आणि विचारायचे. एकच नियम आहे. कुणी हसायचे नाही.

परभणीचा तो मुलगा आता त्या ग्रुपवर सर्वांत आधी उत्तर देतो. मागच्या आठवड्यात त्याच्या आईला गावी फोन आला : आधार बंद होणार आहे, ओटीपी सांगा. ती पाचवीपर्यंत शिकलेली. तिने फोनवरच्या साहेबाला विचारले, "तुमचं नाव काय, हपीस कुठं हाय, आन् कागद कधी धाडता?"

साहेबाने फोन ठेवला.

जय भीम.